जवळच तर आहे!

माणसाला प्रवासाची हौस असते. पण प्रवासाच्या बेताची हौस त्याहून मोठी असते, असे माझे अनुभवाअंती मत झाले आहे. प्रत्यक्ष प्रवासात गर्दी असते, धूळ असते, चहा गार मिळतो. बेतात यांतले काहीच नसते. म्हणूनच घरी बसून बेत करणाऱ्यांची संख्या प्रवास करणाऱ्यांपेक्षा नेहमीच जास्त असते. त्या बहुसंख्य वर्गाचा मी कित्येक वर्षे एक निष्ठावंत सभासद होतो.

२०२४ च्या श्रावणात न्यू जर्सीहून आमच्या चिरंजीवांचा फोन आला. डिसेंबरात चार दिवस ते, सूनबाई आणि मुले बार्बाडोसला जाणार होती. वेस्ट इंडीजमधले हे बेट. याच बेटावर ब्रिजटाउनच्या मैदानात २९ जूनला आपल्या संघाने विश्वचषक जिंकलेला. तेव्हा ते मैदान डोळ्यांनी पाहायचे, असे चिरंजीवांच्या मनाने घेतले. आमच्या पिढीला हे बेट आधीपासूनच ठाऊक होते. वॉरेल, वीक्स, वॉलकॉट आणि सोबर्स हे सगळे तिथलेच. एवढेसे बेट आणि एवढी माणसे!

चिरंजीवांनी बेताची वहीच आम्हांला दाखवली. वही म्हणजे फोनच्या पडद्यावरचा एक तक्ता. तिकडे जूनपासून नोव्हेंबरपर्यंत वादळांचे दिवस असतात, म्हणून डिसेंबर. पासपोर्टांच्या मुदती तपासून झालेल्या. विमानाची तिकिटे चार महिने आधी काढलेली. आणि चार दिवसांपुढे चार ओळी. पहिला दिवस : पोचणे, समुद्र, झोप. दुसरा दिवस : ब्रिजटाउन आणि मैदान. तिसरा : पूर्वेचा किनारा. चौथा : परत.

“एवढंच?” मी विचारले.

“एवढंच, बाबा. चार दिवसांत माणूस आणखी काय बघणार?”

मला हे काही पटले नाही. बेट अवघे चौतीस किलोमीटर लांब नि तेवीस रुंद. आमचा मावळ तालुकाच त्याच्या दुपटीहून मोठा भरेल. एका दिवसात दोन प्रदक्षिणा होतील! पण तिकिटे त्यांची, पैसे त्यांचे. मी गप्प बसलो.

गप्प बसलो खरा, पण ईर्ष्येला पेटलो. आपणही दोन दिवसांची एक सहल काढायची, तीही अशीच शिस्तीत, असे ठरवून मी दुसऱ्या दिवशी शंभर पानी वही आणली. ठिकाण ठरवायला वेळ लागला नाही. पुण्याच्या माणसाला दोन दिवस मोकळे मिळाले, की लोणावळ्याखेरीज दुसरे नाव सुचतच नाही. रविवारी जेवणे झाल्यावर मी घरच्या मंडळींची सभा भरवली. सभेला आमची सौभाग्यवती, माहेरी आलेली कन्या, तिचा दहा वर्षांचा चिरंजीव, आणि गेल्या माघापासून आमच्याकडे राहायला आलेली माझी थोरली बहीण, ताई, एवढी हजर होती.

मी वही उघडून वाचू लागलो, “पहिला दिवस. सकाळी भुशी धरण, मग टायगर पॉइंट, नागफणी, राजमाची पॉइंट, संध्याकाळी वळवण धरण. दुसरा दिवस. कार्ले, भाजे, बेडसे, लोहगड, विसापूर, आणि येता येता पवनेचा जलाशय.”

नातवाने टाळ्या वाजवल्या. मुलगी खिडकीबाहेर पाहू लागली. आमच्या सौभाग्यवतीने मात्र शांतपणे विचारले, “अहो, अकरा ठिकाणं झाली. जेवायचं कुठे, ते नाही वाचलंत.”

“वाटेत!”

“आणि वन्संच्या गुडघ्यांचं काय? तेही वाटेतच ठेवायचे?”

सभेत हशा पिकला. अध्यक्ष या नात्याने मी तो कामकाजातून काढून टाकला.

मग प्रश्न निघाला, जायचे केव्हा? नातवाचे म्हणणे, लगेच, पावसातच. लोणावळा म्हणजे पाऊस हे त्याचे गणित चुकीचे नव्हते. सह्याद्रीच्या अगदी कड्यावर, सुमारे सव्वासहाशे मीटर उंचीवर बसलेले हे गाव. समुद्रावरून आलेले ढग पहिली धडक देतात ती इथेच. पण पावसाचे नाव निघताच मुलगी म्हणाली, “पावसात नको. जूनमध्ये काय झालं ते विसरलात का?”

विसरलो नव्हतो. २९ जूनच्या रात्री ब्रिजटाउनचा सामना जिंकल्यावर आमच्या पेठेत मध्यरात्रीपर्यंत फटाके वाजत होते. दुसऱ्या दिवशी रविवार. त्या दुपारी भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात पुण्याचेच एक कुटुंब सहलीला गेलेले असताना वरून एकाएकी लोंढा आला. एक बाई आणि चार मुले वाहून गेली. आदल्या रात्री तीही मंडळी आपल्यासारखीच जागली असतील, हा विचार कितीतरी दिवस माझ्या मनातून जात नव्हता. डोंगरातल्या ओढ्याचे पाणी आपल्याला दिसते तेवढेच नसते. वरच्या माथ्यावर पाऊस पडला, की खाली ऊन असतानाही ते वाढते. आणि पुढे १५ जून २०२५ ला मावळातच कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांच्या गर्दीने कोसळला. तो दिवसही रविवारच. चार जण गेले. बेटावरची माणसे वादळाचे महिने सोडून बेत करतात. आपण मात्र नेमके पूर आलेले पाणी पाहायला आणि तेही गर्दीच्या दिवशी जातो. तेव्हा सहलीच्या वहीतले पहिले पान ऋतूचे असावे, ही गोष्ट मी मुलीकडून शिकलो. तुळशीचे लग्न झाल्यावर, तेही आठवड्याच्या मधल्या दिवशी जायचे, असे ठरले.

एवढे झाल्यावर मी सहज विचारले, “ताई, तुला काय बघायचंय?”

ताई वातींसाठी कापूस पिंजत बसली होती. मान वर न करता म्हणाली, “मला एकच दाखव. कार्ल्याची लेणी. पण घाई नको करूस.”

“अगं, कार्लं तू पाहिलं नाहीस? लग्नानंतर तुम्ही दोघं गेला होतात ना?”

“गेलो होतो. पाहिलं नाही.”

ही गोष्ट मला त्या दिवशी प्रथम कळली. १९६९ सालची. ताईचे लग्न होऊन दोन महिने झाले होते. आमचे मेहुणे सरकारी कचेरीत कारकून, एकत्र कुटुंब, दोघांना मिळून असा एकच रविवार मिळालेला. पुण्याहून लोणावळ्याला विजेच्या उपनगरी गाड्या १९७८ साली सुरू झाल्या, त्याच्या आधीची गोष्ट. पॅसेंजरने दोघे मळवलीला उतरली. दिवस आषाढातले. शेतांच्या बांधांवरून चिखल तुडवीत डोंगराच्या पायथ्याशी पोचली, तो वरून असा काही पाऊस सुरू झाला, की पायऱ्यांचा ओहोळ झाला. छत्री उलटली. तासभर एका घराच्या पडवीत उभी राहिली. परतीची गाडी चुकली तर घरी बोलणी बसतील, म्हणून मेहुणे म्हणाले, “परत येऊ. जवळच तर आहे.”

“मग?”

“मग काय! जवळच होतं. राहून गेलं.”

त्यानंतर ताईने काशी केली, रामेश्वर केले. मुलीकडे बंगळूरला चारदा गेली. मेहुण्यांबरोबर पंचावन्न वर्षे त्याच रुळांवरून मुंबईला किती वेळा गेली असेल, याची गणती नाही. गाडी मळवली सोडून पुढे जायची, तेव्हा मेहुणे उत्तरेच्या डोंगराकडे बोट करून म्हणायचे, “पुढच्या खेपेला.” गेल्या माघात ते गेले. आणि सांगायला लाज वाटते, पण सांगतो : मेहुण्यांनी अलीकडच्या वर्षांत मलाही दोनदा म्हटले होते, “तुमच्या जावयाची गाडी आहे, हिला एकदा कार्ल्याला नेऊ या.” मी दोन्ही वेळा तेच उत्तर दिले होते. जवळच तर आहे!

मी वहीतल्या अकरा ठिकाणांवर रेघ मारली. पहिल्या दिवसापुढे लिहिले, ‘कार्ले.’ दुसऱ्या दिवसापुढे लिहिले, ‘परत. वाटल्यास आणखी एक.’ वहीकडे पाहिले, तर ती चिरंजीवांच्या वहीसारखीच दिसू लागली होती.

नोव्हेंबरातल्या एका बुधवारी सकाळी आम्ही शिवाजीनगरहून लोकल धरली. गाडीने जावे हा ताईचा हट्ट होता, आणि तो बरोबर होता. द्रुतगती मार्गावरून मोटार भर्रकन जाते, पण मावळ दिसतो तो आगगाडीतूनच. तळेगाव गेले की हवा बदलते. पुढे वडगाव, इथेच जानेवारी १७७९ मध्ये महादजी शिंद्यांनी इंग्रजांच्या फौजेला शरणचिठ्ठी लिहायला लावली. आज हे नाव दुसऱ्या एका पराक्रमासाठीही घेतले पाहिजे. आंबेमोहोराच्या वंशातला इंद्रायणी तांदूळ वडगावच्याच भात संशोधन केंद्राने तयार केला, आणि तो आता पुण्याच्या निम्म्या घरांत रोज शिजतो. कान्हे, कामशेत मागे पडली. दोन्ही बाजूंना भात कापून झाले होते. खळ्यांवर झोडणी चालू होती, आणि डब्यात ओल्या पेंढ्याचा वास येत होता. मध्येच इंद्रायणी दिसली. कुरवंड्याच्या बाजूला उगम पावणारी ही नदी पुढे देहू-आळंदीला जाते. इथे ती इतकी लहान आणि गरीब दिसते, की पुढे तिच्या काठी एवढी थोर माणसे होणार आहेत, हे तिला सांगूनही खरे वाटणार नाही.

मळवली आली. ताईने बाहेर पाहिले, बोलली नाही. आम्हांला लोणावळ्याला उतरून बिऱ्हाड टाकायचे होते. नातवाला मी सांगत होतो, पुण्याकडून खंडाळ्यापर्यंत रूळ १८५८ सालीच आले. पण घाटातला रस्ता कातून गाडी वर यायला १८६३ उजाडले. मधली पाच वर्षे उतारूंना घाट मेण्यातून नाहीतर बैलगाडीतून ओलांडावा लागे. नातू म्हणाला, “म्हणजे गाडी बदलायला पाच वर्षं लागली!” मी म्हटले, काही माणसांना पंचावन्न लागतात.

जेवून, थोडे पडून, तीनच्या सुमारास आम्ही ठरवलेल्या मोटारीने कार्ल्याला निघालो. मोटार निम्म्या डोंगरापर्यंत जाते. पुढे पायऱ्या. दोन्ही हातांना हार, नारळ, पेढे, लिंबू सरबत यांची दुकाने. ही वाट लेण्यांची जितकी, तितकीच एकवीरा आईची. कोळी आणि कायस्थ प्रभू मंडळींचे हे कुलदैवत. चैत्राच्या यात्रेला कोकणातून कोळी बांधव पालख्या घेऊन येतात, तेव्हा या डोंगरावर मुंगीला वाट मिळत नाही. नवरात्रही तसेच. बुधवारच्या दुपारी मात्र वाट आमचीच होती.

तरणा माणूस वीस मिनिटांत वर जाईल. आम्हांला सव्वा तास लागला. वीस पायऱ्या, मग बसायचे; पुन्हा वीस. आमची सौभाग्यवती पुढे जाऊन बसायला सावली धरून ठेवी. एका दुकानदारणीने आपले स्टूल पुढे केले आणि विकत काही घ्या असेही म्हणाली नाही. दोनशेव्या पायरीच्या आसपास ताईचा चेहरा पाहून मी म्हणालो, “ताई, इथूनच नमस्कार कर. पुन्हा कधीतरी…”

ती नुसती माझ्याकडे बघून हसली. वाक्य पुरे करायची माझी छाती झाली नाही.

वर पोचलो. डावीकडे सिंहस्तंभ, समोर देवीचे देऊळ, आणि त्यामागे कातळात कोरलेले ते चैत्यगृह. मी शाळेच्या सहलीत ते पाहिले होते. पण दहाव्या वर्षी पाहिलेले आणि सत्तरीत पाहिलेले लेणे एक नसते. दारातून आत गेले, की प्रथम काही दिसत नाही. मग वरच्या कमानदार गवाक्षातून येणारा उजेड हळूहळू खाली उतरतो आणि खांब एकेक करून पुढे येतात. लांबी सुमारे सव्वाशे फूट. उजवीकडे पंधरा खांब, डावीकडे पंधरा, आणि स्तूपामागे साधे सात. ओळीतल्या खांबांचे पाय घटात बसवलेले, आणि माथ्यावर हत्तींवर बसलेली जोडपी.

हे लेणे कोणा एका राजाने बांधले नाही, हे मी वाचून ठेवले होते, ते मंडळींना सांगितले. दोन हजार वर्षांपूर्वी कोकणातल्या बंदरांवरून देशावर येणारे व्यापाऱ्यांचे तांडे या भागातून जात. खांबांवर दात्यांची नावे कोरलेली आहेत. त्यांत भिक्षू आहेत, व्यापारी आहेत, यवन म्हणवणारे परदेशी आहेत. दरवाजाचे दान एका अत्तर विकणाऱ्याचे, आणि तो घडवणारा एक सुतार. त्याचेही नाव दगडावर आहे. वैजयंतीचा एक सावकार तर लिहून ठेवतो, की असे उत्तम घर साऱ्या जंबुद्वीपात नाही. थोडक्यात, वर्गणी काढून झालेले काम! आमच्या गणेशोत्सवाच्या पावतीपुस्तकाचे ते मूळ म्हणायला हरकत नाही.

ताई एका खांबाशी टेकून बसली होती. तिचे लक्ष छताकडे होते. तिथे अर्धवर्तुळाकार लाकडी फासळ्या आहेत. दगडी छताला त्यांच्या आधाराची मुळीच गरज नाही. पूर्वी लाकडी सभागृहे बांधत, तीच तऱ्हा पुढे चालवली.

“हे लाकूड नवीन घातलंय का रे?” तिने विचारले.

“नाही गं. मूळचंच आहे. लेण्याइतकंच जुनं.”

ती बराच वेळ वर बघत राहिली. मग म्हणाली, “दोन हजार वर्षं लाकूड टिकलं. आम्हांला वाटलं, आम्हीही थांबू तेवढे.”

नंतर तिने कमरेची पिशवी उघडून एक जुना चष्मा काढला. मेहुण्यांचा. तो तिने डोळ्यांना लावला नाही, स्तूपासमोर ठेवलाही नाही. नुसता हातात धरून बसली. आणि जाताना पुन्हा पिशवीत घातला. नातू सारखे काहीतरी विचारणारा मुलगा. पण त्यानेही त्या वेळी काही विचारले नाही.

उतरायला चाळीस मिनिटे लागली. सूर्यास्त पायऱ्यांवरच झाला. समोर दक्षिणेला, रूळ आणि द्रुतगती मार्ग यांच्या पलीकडे, लोहगड आणि विसापूर काळे होत गेले. पायथ्याशी ताई थांबून एका घराकडे पाहू लागली. “ती पडवी हीच असेल का?” तिथे आता सिमेंटची दुमजली इमारत आणि शीतपेयांची पाटी होती. “असेल,” मी म्हणालो. “नसेल,” ती म्हणाली, “पण चालेल.”

दुसऱ्या दिवशी मुलगी आणि नातू लोहगडवाडीपर्यंत मोटारीने जाऊन गड चढून आली. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे एकामागून एक चार दरवाजे, नाना फडणविसांची विहीर, आणि विंचवाच्या नांगीसारखा पुढे आलेला विंचूकाटा. नातवाने जेवताना सगळे साभिनय सांगितले. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यांत लोहगड आहे हे वाचून तो आता सोसायटीत सर्वांना सांगतो, “मी आधीच जाऊन आलो!” आम्ही तिघे म्हातारी वळवणच्या पाण्याच्या बाजूला फिरून आलो. टाटांनी इथली पाणी अडवून घाटाखाली खोपोलीला १९१५ साली वीज केली आणि मुंबईच्या गिरण्या त्यावर चालवल्या. डोंगरावर पडलेला पाऊस उगाच वाहून जाऊ द्यायचा नाही, ही दृष्टी त्या माणसांची! दुपारी बाजारात चिक्की घेतली. चिक्की न घेता लोणावळ्याहून परतलेला पुणेकर अजून कोणी पाहिलेला नाही. संध्याकाळच्या लोकलने घरी.

वाचकहो, तुम्ही असा बेत करणार असाल, तर दोन गोष्टी अनुभवाने सांगतो. कार्तिक ते माघ हे महिने उत्तम. शनिवार-रविवार शक्यतो टाळा. लोकलचे वेळापत्रक आदल्या दिवशी पाहून ठेवा, दुपारी दोन गाड्यांत अंतर पडू शकते. कार्ल्याला राहायचे असेल तर तिथे पर्यटन महामंडळाचे निवासस्थान आहे. ज्यांना चढणे झेपते त्यांनी दुसऱ्या दिवशी मळवलीच्या दक्षिणेला भाजे पाहावे. ते कार्ल्याहूनही जुने, आणि तिथले खांब आत कललेले आहेत. दिवसाला एकच ठिकाण ठेवा. वहीत रिकामी जागा राहिली तर राहू द्या. म्हाताऱ्या माणसांना वीस पायऱ्यांनंतर बसायला तीच उपयोगी पडते.

डिसेंबरात चिरंजीवांचे बार्बाडोसही यथास्थित पार पडले. ब्रिजटाउनच्या मैदानातून त्यांनी फोन केला. आमच्या पडद्यावर हिरवळ आणि निळे आकाश दिसले. “बाबा, तुमचं लोणावळं कसं झालं?” त्यांनी विचारले.

मी सांगण्यापूर्वीच ताईने फोन हातात घेतला. “झालं रे बाबा! तू इतक्या लांब जाऊन आलास, मीही जाऊन आले.”

“आत्या, तुमचं तर जवळच होतं!”

“तेच तर,” ताई म्हणाली, “म्हणून तर उशीर झाला.”